परीक्षेचं इंजिन

“नऊ,” सर म्हणाले.

सर खिडकीकडे तोंड करून उभे होते. बाहेर पाण्याची टाकी आणि एक भिंत, बाकी बघण्यासारखं काही नव्हतं. पण परीक्षेच्या वेळी उमेदवाराकडे पाठ करून उभं राहायचं आणि नुसत्या कानाने परीक्षा घ्यायची, ही सरांची बत्तीस वर्षांची ऐट होती. टॉर्क पान्याने बोल्ट पुरेसा आवळला गेला की टक् असा आवाज येतो. बोल्ट दहा, म्हणून टक् दहा. त्यासाठी डोळे कशाला लागतात?

पाठीमागे पाना पुन्हा वाजला.

“दहा. झालं एकदाचं? आता फिरवा.”

उमेदवार बाईंनी पाना खाली ठेवला, हात पुसले आणि समोरच्या इंजिनाचा क्रँक धरून जोर लावला. क्रँक हलला नाही. त्यांनी दोन्ही हात लावले तेव्हा तो कुरकुरत पाव वेढा फिरला आणि रुतून बसला.

“ऐकू आलं मला,” सर वळलेही नाहीत. “कण्हतोय बिचारा. किती वेळा झालं हे बाई? तिसऱ्यांदा ना?”

“तिसऱ्यांदा, सर.”

“मग आता तरी पटायला हरकत नाही. हाताला वळण असावं लागतं. ते वर्गात मिळत नाही, दुकानात मिळत नाही. तुम्ही आपली मुलांची व्हॅन चालवा, वळणावर हॉर्न वाजवा, सुखी राहा.”

दाराशी उभ्या असलेल्या सहा पोरांनी मान खाली घालून हसून घेतलं. त्या सहाही जणांचा क्रँक सकाळपासून एका बोटाने फिरला होता आणि त्यांच्या नावापुढे उत्तीर्ण असं लिहून झालं होतं. बाहेरून आलेले परीक्षक कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून चहात बिस्कीट बुडवत होते. सरांच्या मते परीक्षक हा सरकारी खर्चाने चहाला आलेला पाहुणा. तसं सरांच्या मते प्राचार्य म्हणजे फायलींना टाके घालणारा शिंपी होता, अभ्यासक्रम लिहिणारे लोक आयुष्यात कधी हाताला ग्रीस न लागलेले होते, आणि विद्यार्थी म्हणजे दरवर्षी नव्याने येणारी तीच ती गाढवं होती. या तंत्रशाळेत इंजिनातलं ज्याला कळतं असा माणूस एकच होता, आणि तो आणखी दोन महिन्यांनी निवृत्त होणार होता. पुढे या शाळेचं काय होणार, याचा विचार सर अधूनमधून करत आणि त्यांना बरं वाटे.

पोरं त्यांना मागे टाइटसर म्हणत. सरांना ते ठाऊक होतं, आणि आवडतही होतं.

व्हॅनवाल्या बाई छत्तीस-सदतीसच्या असतील. नऊ वर्षं शाळेची पोरं ने-आण करत होत्या. गॅरेजवाले फसवतात म्हणून आपली गाडी आपणच उघडायला शिकल्या, आणि मग उघडायचीच आहे तर रीतसर शिकू म्हणून इथे आल्या. आता बस डेपोच्या कारखान्यात जागा निघाली होती. पगार ठरलेला, दिवसपाळी, म्हातारपणाला पेन्शन. सोमवारी प्रमाणपत्र घेऊन हजर राहायचं, नाहीतर यादीतला पुढचा माणूस. आज शनिवार होता. हे सगळं त्यांनी सकाळी सरांना सांगितलं होतं, आणि सर म्हणाले होते, “क्रँकला सांगा. फिरवायचं की नाही ते तो ठरवतो.”

“सर, एक विचारू?” बाई म्हणाल्या.

“विचारा. विचारायला काय जातंय.”

“मीपण बोल्ट सैल ठेवू का? बाकीच्यांसारखे?”

परीक्षकांचं बिस्कीट तुटून चहात पडलं. दाराशी हसणारी पोरं हसायची थांबली.

सर वळले. “काय म्हणालात?”

“दोन नंबरचे आणि चार नंबरचे,” बाई शांतपणे म्हणाल्या. “पान्याचा आकडा अर्ध्यावर आणायचा. मग टक् लवकर वाजतो, बोल्ट सैल राहतो आणि क्रँक फिरतो. तुम्ही पाठ करून उभे असता. सगळ्या वर्गाला माहीत आहे, सर. मला पहिल्याच वेळी सांगितलं होतं यांनी. मी म्हटलं, मला नाही जमायचं.”

सरांनी पोरांकडे बघितलं. सहाच्या सहा जणांना आपापल्या बुटांत एकाएकी फार बघण्यासारखं सापडलं होतं.

“खरं आहे हे?”

पोरं एकमेकांना कोपराने ढोसू लागली.

“अरे तोंडं शिवलीत का? टोमणे मारताना बरी उघडतात!”

“सर,” त्यातला एक शेवटी पुटपुटला, “आम्हाला आधीच्या बॅचनी सांगितलं.”

“आणि त्यांना?”

“त्यांच्या आधीच्यांनी.”

“चालते व्हा,” सर म्हणाले. “सगळे. बाहेर.”

परीक्षकही उठले. “मला साडेबाराची गाडी आहे हो. सही तेवढी कुठे करायची ते—”

“तुम्ही चहा प्या. बाहेर जाऊन प्या.”

दार लावून घेतलं गेलं. कार्यशाळेत सर, व्हॅनवाल्या बाई आणि परीक्षेचं इंजिन एवढेच उरले.

इंजिन म्हणजे खरं तर नुसता ब्लॉक, स्टँडवर उलटा टांगलेला. बत्तीस वर्षांपूर्वी कुणीतरी मोडीत काढण्याऐवजी शाळेला दिलेला. त्याच्या पाच अर्धगोल खाचांत क्रँक आडवा झोपतो, म्हणजे तो जाड, वाकड्या कोपरांचा दांडा, जो पिस्टनच्या वरखाली उड्यांचं फिरणं करतो. आणि वरून पाच अर्धगोल लोखंडी टोप्या त्याला दाबून धरतात. त्या मेन कॅपा. एकेका कॅपला दोन बोल्ट. इंजिनात स्फोटावर स्फोट होत असतात, त्यांचे सगळे दणके शेवटी या पाच टोप्यांनी सोसायचे. दरवर्षी पहिल्या आठवड्यात सर एक कॅप हातात धरून तेच भाषण करत.

“कारखान्यात आधी या पाची कॅपा ब्लॉकवर घट्ट आवळतात. मग एकच लांब हत्यार या टोकातून त्या टोकात घालतात आणि पाची भोकं एका दमात कोरतात. म्हणजे अर्धं भोक ब्लॉकमध्ये, अर्धं कॅपमध्ये. ही कॅप दुसरीकडे बसते का? बसते. छान दिसते का? छान दिसते. पण केसाच्या जाडीएवढा फरक पडतो, भोकं एका रेषेत राहत नाहीत, क्रँक अडकतो, बेअरिंग जळतं आणि इंजिन भंगारात जातं. म्हणून कॅपेवर नंबर ठोकायचा आणि नंबर सोडून हलायचं नाही. कळलं? नाही कळलं. चेहऱ्यावर दिसतंय.”

एकदा एका पोराने विचारलं होतं, “म्हणजे नवरा-बायकोसारखं, सर?”

“नवरा-बायको बदलून चालतात,” सर म्हणाले होते. “कॅपा नाही.”

या ब्लॉकच्या कॅपांवर मुळात नंबर नव्हते. ते सरांनी स्वतः पंचने ठोकले होते.

“मी मापं घेतलीत, सर,” बाई सांगत होत्या. “गेल्या वेळी नापास झाले ना, तेव्हा. शिपायांना म्हटलं, अर्धा तास कार्यशाळा उघडून द्या. क्रँक काढून नुसत्या कॅपा आवळल्या आणि आतून भोकं मोजली. एक, तीन, पाच बरोबर आहेत. दोन आणि चार खाली-वर आहेत. मला वाटतं दोनची कॅप मुळात चारची असणार आणि चारची दोनची. एकदा अदलाबदल करून बघू द्या.”

“नियम चौदा वाचलाय का?”

“वाचलाय.”

“म्हणून दाखवा.”

“कॅपवरील क्रमांक डावलून जोडणी केल्यास उमेदवार अनुत्तीर्ण.”

“मग?”

“मग काही नाही,” बाई म्हणाल्या. “तुम्ही म्हणाल तसं. नंबराप्रमाणे आवळलं तर क्रँक फिरत नाही म्हणून नापास, नंबर सोडले तर नियमानं नापास. आणि बोल्ट सैल ठेवले की पास. मी उद्या डेपोत बसचं इंजिन बांधणार, सर. त्यात पन्नास माणसं बसणार. तुम्हीच सांगा, यातलं कुठलं करू?”

 नियम चौदा सरांनीच लिहिला होता, अकरा वर्षांपूर्वी. आधी नियम तेराच होते.

त्या वर्षी याच स्टँडसमोर त्यांचा मुलगा उभा होता. वीस वर्षांचा, सडपातळ, आणि हात असा की सरांनी मनातल्या मनात त्याला आपल्या जागेवर बसवूनही टाकलं होतं. तोंडाने अर्थात कधी कौतुक केलं नव्हतं. कौतुकाने पोरं बिघडतात. मुलाने दहा बोल्ट आवळले. दहाही पुरे आवळले, कारण त्या दिवशी सर खिडकीशी नव्हते, पोटच्या पोराची परीक्षा म्हणून शेजारी उभे राहून बघत होते. मुलाने करंगळी लावली आणि क्रँक फिरला. सरसर दोन वेढे फिरला. वर्गाने टाळ्या वाजवल्या. सरांनी वाकून कॅपा बघितल्या. एक, चार, तीन, दोन, पाच.

“नंबर वाचता येत नाहीत?”

“नंबर चुकलेत, बाबा.”

वर्गात तो त्यांना सर म्हणत असे. त्या दिवशी विसरला.

“नंबर मी ठोकलेत,” सर म्हणाले होते. “माझ्या हातून काही चुकलंच असेल, तर ते इथे समोर उभं आहे.”

वर्ग खो खो हसला. टाळ्या वाजवणारेच हसले. मुलाने पाना पुसून जागेवर ठेवला आणि तो गेला. सरांनी त्याच्या नावापुढे अनुत्तीर्ण लिहिलं आणि संध्याकाळी चौदावा नियम.

तो परत शाळेत आला नाही, चार महिन्यांनी घरही सोडून गेला. आता गावाच्या दुसऱ्या टोकाला गाद्यांच्या दुकानात कामाला होता. सरांची बायको महिन्यातून दोनदा त्याच्याकडे जाई आणि आल्यावर त्याबद्दल चकार शब्द काढत नसे. त्याचा फोन आला आणि चुकून सरांनी उचलला, तर तो म्हणे, “आई आहे का?” आणि सर म्हणत, “देतो.” अकरा वर्षांत बाप-लेकांत एवढंच बोलणं झालं होतं. कोणी मुलाची चौकशी केली तर समोरच्याचं वाक्य पुरं व्हायच्या आत सर सांगून मोकळे होत, “गाद्या विकतो. लोकांना झोपवतो. तेवढंच जमण्यासारखं होतं.”

पूर्वी तशी वेळ आली नव्हती, आणि या अकरा वर्षांत सरांनी परीक्षेचं इंजिन स्वतःच्या हाताने एकदाही जोडलं नव्हतं. वर्गाला दाखवायचं ते शेजारच्या नव्या इंजिनावर. हे फक्त परीक्षेला. ते इंजिन अवघड आहे, म्हणून परीक्षेसाठी राखलंय, असं ते सांगत. खरं कारण वेगळं होतं. त्यांना भीती वाटत होती.

“करा,” सर म्हणाले.

“काय, सर?”

“अदलाबदल. करायची म्हणालात ना? की नुसतं बोलायला पुढे?”

बाईंनी बोल्ट काढले, कॅपा उचलल्या, बेअरिंगवर बोटाने तेल फिरवलं. दोन आणि चार या कॅपा दिसायला जुळ्या. पहिली वेगळी दिसते, शेवटची वेगळी, मधली जाड. चुकायचं तर या दोघींतच चुकणार. सरांना बत्तीस वर्षांपूर्वीची दुपार आठवली. नोकरी नवी, टेबलावर पाच कॅपा ओळीने मांडलेल्या, हातात पंच आणि हातोडी. तेवढ्यात तेव्हाच्या प्राचार्यांचं बोलावणं आलं. परत आले ते टेबलाच्या पलीकडच्या बाजूने. एक, तीन आणि पाच ओळखू येतात, त्यांचं काही बिघडलं नाही. उरलेल्या दोन त्यांनी उभे होते तिथून मोजल्या. या टोकाकडून मोजायच्या ऐवजी त्या टोकाकडून. ठक, ठक. असंच झालं असणार. असंच झालं होतं. पूर्वी कधी हे आठवायला लागलं की सर लगेच कुणाला तरी ओरडायला उठत.

बाईंनी कॅपा जागेवर ठेवून लाकडी हातोडीने हलकेच ठोकल्या. मग बोल्ट मधल्या कॅपपासून बाहेरच्या बाजूला, तीन टप्प्यांत. शेवटच्या टप्प्याला सरांनी पान्यावरचा आकडा डोळ्यांनी बघितला. पूर्ण होता. दहाही टक् त्यांनी समोर उभं राहून ऐकले आणि मोजायचं विसरले.

“फिरवा, सर,” बाई म्हणाल्या.

“मी कशाला? परीक्षा तुमची आहे.”

“तुम्हीच फिरवा.”

सरांनी तर्जनी लावली. क्रँक निघाला. जोर लावावा लागला नाही, खरं तर बोट लावलं म्हणेपर्यंत तो निघाला होता. तेलात बुडून, काही न बोलता, एक वेढा, दुसरा, तिसरा. सरांनीच शेवटी हात घालून थांबवला. तेवढं सोपं होतं ते. अकरा वर्षांपूर्वी वर्ग हसत असताना एक बोट लावलं असतं तर कळलं असतं.

ते स्टुलावर बसले. त्यांना स्वतःची शिसारी आली. ज्यांना ते गाढव म्हणत, त्या गाढवांनी बत्तीस वर्षं त्यांच्या पाठीमागे पाना फिरवून त्यांना मूर्ख बनवलं होतं, आणि त्या दीडशहाण्यांना त्यांनी उत्तीर्ण करून रस्त्यावर सोडलं होतं. पहिला धडा काय, तर बोल्ट सैल ठेवा, मास्तर बघत नाही. आणि ज्यांनी सगळे बोल्ट नीट आवळले ते नापास. सरांना त्यातले बरेच आठवत होते. एक रडला होता. एकाचा बाप येऊन हात जोडून गेला होता. एक मुलगा तर आवळून आवळून इतका घामाघूम झाला की सर म्हणाले होते, “तू आपला हमाली कर.” त्याने पुढे काय केलं कोण जाणे. शाळेत शिरलेली सरळ माणसं सरांनी दरवर्षी निवडून निवडून बाहेर फेकली होती आणि याला ते दर्जा म्हणत आले होते.

“सर,” बाईंनी विचारलं, “माझं काय?”

सर उठले. निकालपत्रकावर बाईंच्या नावापुढे त्यांनी उत्तीर्ण लिहिलं आणि खाली सही केली.

“सोमवारी न्या. आणि पाना तुम्ही अजून झाडूसारखा धरता. डेपोत हसतील.”

“हो, सर,” बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरले होते, पण त्या रडल्या नाहीत. रडल्या असत्या तर सरांनी नक्की काहीतरी वाकडं बोलून दाखवलं असतं, आणि ते दोघांनाही माहीत होतं. त्यांनी कॅपांकडे बोट दाखवलं. “हे नंबर कानशीनं उडवून नवे ठोकू का?”

“नको. ते मी करीन.”

त्याच कागदाच्या मागे सरांनी लिहिलं, परीक्षेच्या इंजिनातील दुसऱ्या व चौथ्या मेन कॅपचे क्रमांक मी स्वतः उलट ठोकले आहेत, सबब नियम चौदा रद्द, व आजचे अन्य सहा उमेदवार पुन्हा परीक्षेस बसतील. दार उघडून त्यांनी तो परीक्षकांना दाखवला, तर ते दारातच अडून बसले.

“अहो, सहा जणांवर माझ्या सह्या झाल्यात!”

“खोडा.”

“अशा खोडता येत नाहीत सह्या.”

“तुम्हाला करता कशा आल्या मग? तुम्ही तर बिस्कीट खात होता.”

प्रकरण प्राचार्यांपर्यंत गेलं. त्यांनी कागद दोनदा वाचला, दार लावून घेतलं आणि आवाज खाली आणला.

“दोन महिने राहिलेत तुमचे. कशाला उगाच? नंबर बदलून टाका गुपचूप. कोणाला कळणार आहे? निरोपाच्या वेळी भाषणं व्हायचीत, शाल घालायची आहे. बत्तीस वर्षांच्या निकालांची चौकशी लागली तर शाळेचं काय होईल?”

“शाळेचं काय होईल मला माहीत नाही,” सर म्हणाले. “तुम्ही हा कागद फायलीला लावा. नीट टाका घाला, म्हणजे गळून पडणार नाही.”

दुपारी ते घरी गेले नाहीत. बसने गावाच्या दुसऱ्या टोकाला गेले. ते दुकान त्यांना माहीत होतं. बसच्या खिडकीतून त्यांनी ते कितीतरी वेळा बघितलं होतं आणि दर वेळी ऐन वेळी दुसरीकडे तोंड फिरवलं होतं. आत थंड होतं. सगळीकडे पलंग, गाद्या, उशांचे ढीग, आणि सगळं पांढरं. हात धुवायचे राहिलेत हे सरांच्या तिथे गेल्यावर लक्षात आलं.

मुलगा एका गादीवरचं प्लॅस्टिक काढत होता. त्याचे पुढचे केस मागे हटले होते, अंगही थोडं भरलं होतं. हे बायकोने कधी सांगितलं नव्हतं. सरांना बघून त्याच्या हातातलं प्लॅस्टिक तसंच राहिलं.

“आई बरी आहे ना?”

“बरी आहे. तसं काही नाही.”

“मग?”

“सहज,” सर म्हणाले, पण सहज म्हणावं असं काहीच या भेटीत नव्हतं.

“बसा.”

बसायला पलंगांखेरीज काही नव्हतं. सर एका गादीच्या कडेवर बसले. काळे हात चादरीला लागू नयेत म्हणून त्यांनी ते गुडघ्यांवर धरून ठेवले.

“दोन आणि चार उलटे आहेत,” ते म्हणाले.

मुलाने प्लॅस्टिकची घडी घालायला घेतली. “हो.”

“मीच ठोकले उलटे. आज फिरवून बघितला. एका बोटानं फिरला.”

“फिरणारच.”

“तुझं बरोबर होतं.”

“माझं बरोबर होतं हे मला तेव्हाच माहीत होतं, बाबा,” मुलगा म्हणाला. आवाजात राग नव्हता. गिऱ्हाइकाला भाव सांगताना असेल तसा आवाज. “त्यासाठी मी काही तुमची वाट बघत नव्हतो.”

सरांनी मान हलवली. येताना बसमध्ये त्यांनी बरंच काही जुळवलं होतं. त्यांना वाटलं होतं, पोरगा चिडेल, ओरडेल, अकरा वर्षांचं सगळं तोंडावर फेकेल, आणि मग आपण ऐकून घेऊ. ऐकून घ्यायची तयारी करून ते आले होते. आयुष्यात पहिल्यांदा.

“त्या दिवशी मी जे बोललो,” ते म्हणाले, “सगळ्यांसमोर. ते बोलायला नको होतं. चुकलं माझं.”

मुलाने हातातली घडी थांबवली आणि खरोखरच आठवायचा प्रयत्न केला.

“कुठलं?” त्याने विचारलं. “तुम्ही तर रोजच बोलायचात.”

सरांनी गुडघ्यांवरचे काळे हात उलटे करून पाहिले. 

तेवढ्यात एक नवरा-बायको दुकानात आले. नवऱ्याची पाठ दुखत होती, मऊ गादी घ्यावी की कडक यावर त्यांचं बाहेरूनच भांडण चालू होतं. मुलगा त्यांच्याकडे गेला. त्याने नवऱ्याला नीट उभं राहायला सांगितलं, पाठीवर तळहात ठेवून कुठे दुखतं ते विचारलं, मग दोन-तीन गाद्या कोपराने दाबून बघितल्या. सर लक्ष देऊन बघत होते. हात तोच होता. कुठे किती जोर लावायचा ते न बघता कळणारा. मुलगा त्या माणसाला समजावून सांगत होता, हळू, दोनदा, कंटाळा न करता. बायकोने एक अगदी बावळट प्रश्न विचारला, आणि त्याचंही त्याने नीट उत्तर दिलं. तो प्रश्न ऐकून सरांच्या तोंडी काय आलं असतं ते सरांना माहीत होतं.

“तुम्हाला हवी तशी एक आहे,” मुलगा म्हणाला आणि त्यांना घेऊन सरांच्या पलंगापाशी आला. “बाबा, जरा उठता का? यांना ही दाखवायची आहे.”

“तुमचे वडील का?” त्या माणसाच्या बायकोने कौतुकाने विचारलं. “काय करतात?”

“शिकवतात,” मुलगा म्हणाला.

सर उठून उशांच्या ढिगाशी जाऊन उभे राहिले. ते बसले होते तिथे गादी थोडी दबलेली होती. मुलाने तळहाताने ती सपाट केली, चादर ओढून नीट केली आणि त्या माणसाला म्हणाला, “या, बसा.”